वैमानिक भरती मेळाव्याला जाताय? आधी लॉगबुकचा हिशेब जुळवा

हातात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. डोक्यावर बँकेचं कर्ज. आणि घरी रोज संध्याकाळी तोच प्रश्न, "काय रे, कंपनीचं काही कळलं का?"

बेळगाव असो, मडगाव असो, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद, ज्या घरात मुलगा किंवा मुलगी सीपीएल घेऊन बसली आहे त्या घरात हा प्रश्न नवा नाही. प्रशिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. कुणी शेत गहाण टाकलेलं असतं, कुणी बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे लावलेले असतात. अशा वेळी "अमुक ठिकाणी विमान कंपन्यांची माणसं येणार आहेत, भरतीचा स्टॉल आहे" असं कळलं की रात्रीची बस पकडून पोरं निघतात. जायलाच हवं. पण बरेच जण नुसती फाइल उचलून जातात आणि तिथं दोन मिनिटांत बाजूला होतात. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या: मेळाव्यात नोकरी मिळत नाही

आपल्याकडे विमान कंपन्यांची बहुतेक भरती त्यांच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीतून होते. आधी ऑनलाइन अर्ज, मग लेखी परीक्षा, कंप्यूटरवरची अभियोग्यता चाचणी, काही ठिकाणी गटचर्चा आणि सिम्युलेटर, शेवटी मुलाखत आणि मेडिकल. ही साखळी कुठल्याही स्टॉलवर तुटत नाही.

मग मेळाव्याला जायचं कशाला? कारण कंपनीच्या माणसाला समोरासमोर भेटायच्या जागा फार कमी आहेत. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर दर दोन वर्षांनी 'विंग्ज इंडिया' भरतं, तिथं विमान कंपन्या आणि प्रशिक्षण संस्था एकाच आवारात सापडतात. काही प्रशिक्षण संस्था आपल्या विद्यार्थ्यांसाठी कंपन्यांना बोलावतात. कंपन्या स्वतःच्या कॅडेट योजनेची माहिती द्यायला शहरोशहरी बैठका घेतात. अमेरिकेत तर खास वैमानिकांसाठीच असे मेळावे नियमित भरतात. सगळीकडे स्टॉलमागचा माणूस दोन-तीन मिनिटांत एवढंच बघतो: या उमेदवाराचे कागद, याचं लॉगबुक आणि याचं तोंड एकच गोष्ट सांगतात का?

पुढची सगळी तयारी या एका प्रश्नासाठी आहे.

विमानं भरपूर येणार, मग पोरं घरी का?

स्टॉलवर जाण्याआधी बाजाराचं चित्र माहीत पाहिजे, नाहीतर आपण भलतंच मागत बसतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एकदम ५०० विमानांची. २०२४ च्या जानेवारीत अकासाने आणखी १५० बोइंग ७३७ मॅक्स. पेपरात मथळे आले, "हजारो वैमानिक लागणार". खोटं काहीच नाही. पण विमानं एका दिवसात येत नाहीत, ती वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात.

दुसरीकडे डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिली. म्हणजे दारात रांग वाढतेय. त्यात २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही त्याच रांगेत आले.

खरी टंचाई असते ती कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं आणि त्यासाठी किमान १,५०० तासांचं उड्डाण. तुमच्याकडे २०० तास आहेत. तुम्ही जो दरवाजा ठोठावताय तो फर्स्ट ऑफिसरचा, आणि तिथंच गर्दी आहे. त्यामुळे "कंपनीला माझी गरज आहे" अशा थाटात जाऊ नका. पडेल चेहऱ्यानेही जाऊ नका. गर्दीत ज्याचा हिशेब नीट आहे तो उठून दिसतो.

लॉगबुक: खरी परीक्षा इथंच

सीपीएलसाठी २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, २० तास क्रॉस-कंट्री, त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, १० तास इन्स्ट्रुमेंट आणि ५ तास रात्रीचे. हे सगळ्यांना पाठ असतं. पण "तुझे पीआयसी तास नेमके किती? मल्टी-इंजिनवर किती? शेवटचं उड्डाण कधी केलंस?" असं विचारलं की गडबड होते. सीव्हीवर एक आकडा, लॉगबुकात दुसरा, ऑनलाइन अर्जात तिसरा. मुलगा प्रामाणिक असतो, पण समोरच्याला ते कसं कळणार?

म्हणून मेळाव्याच्या किमान पंधरा दिवस आधी लॉगबुक घेऊन बसा. दुकानदार दिवाळीला वह्या करतो तसं. पहिल्या पानापासून प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा करा. एकूण, पीआयसी, ड्युअल, क्रॉस-कंट्री, रात्र, इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर, मल्टी-इंजिन, प्रत्येक रकाना वेगळा. सिम्युलेटरचे तास उड्डाणात मिसळले गेलेत का बघा. इन्स्ट्रक्टरच्या सह्या राहिल्यात का बघा. खाडाखोड असेल तर संस्थेकडून ती नियमाप्रमाणे दुरुस्त करून घ्या, व्हाइटनर लावू नका.

परदेशात शिकून आलेल्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळावी. अमेरिकेत तास दशांशात लिहितात. तिथलं १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटं. आपल्याकडे तास आणि मिनिटं लिहायची पद्धत. १.३ चं कुणी घाईत १ तास ३० मिनिटं केलं तर एका उड्डाणात १२ मिनिटं फुकटची वाढली. अशी दीडशे उड्डाणं झाली तर ३० तास! चूक गणिताची आहे, पण बघणाऱ्याला ती लबाडी वाटेल.

गोव्याची गोष्ट विसरू नका

लबाडीचं काय होतं हे आपल्या भागाने जवळून बघितलंय. २०११ च्या जानेवारीत दाबोळीला उतरताना एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं. खरं तर मागची मुख्य चाकं आधी टेकायला हवीत. सुदैवाने माणसं वाचली. चौकशी सुरू झाली आणि निघालं भलतंच: विमानाच्या कॅप्टनने एटीपीएलसाठी बनावट गुणपत्रिका दिल्या होत्या. लायसन्स गेलं, अटक झाली. मग डीजीसीएने देशभरातली लायसन्सं तपासली, तेव्हा आणखी बनावट कागद सापडले. राजस्थानात तर न उडवलेले तास लॉगबुकात चढवल्याचं प्रकरण बाहेर आलं.

तेव्हापासून या धंद्यात कागदाकडे बघण्याची नजर बदलली. "दहा तास इकडेतिकडे, कोण बघतंय" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला तिथंच नमस्कार करा. २०० तासांत दहा तास कमी असतील तर ते उडवून पूर्ण करता येतात. विश्वास गेला तर तो भरून काढायला कुठलंच विमान मिळत नाही.

हाच नियम नापास होण्याला. डीजीसीएच्या पेपरात पास व्हायला ७० टक्के लागतात. नेव्हिगेशन दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला सुटणारे कमी नाहीत. चेक राइडमध्ये एकदा मागे राहिलेलेही असतात. विचारलं तर सरळ सांगा, आणि पुढचं वाक्य तयार ठेवा: कुठं चुकलं आणि मी काय बदललं. लपवून ठेवलेलं पुढच्या फेरीत हमखास बाहेर येतं.

फाइलमध्ये काय, आणि नावाचा घोळ

फाइलमध्ये मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळे ठेवा. सीपीएल, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन रेटिंग, क्लास वन मेडिकल, रेडिओचं आरटीआर आणि एफआरटीओएल, इंग्रजी प्रावीण्याचा दाखला (किमान लेव्हल ४), दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, आधार, पॅन. टाइप रेटिंग केलं असेल तर त्याचे कागद. २०२५ च्या फेब्रुवारीपासून लायसन्स मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही दाखवता येतं, पण मेळाव्यात नेटवर्क मिळेलच असं नाही. छापील प्रत सोबत असू द्या.

प्रत्येक कागदाची मुदत एका कागदावर लिहून काढा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण मेडिकल संपलेलं असतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी राहिलेली असते. सीपीएल मिळून वर्ष-दीड वर्ष उडायला न मिळालेल्यांची हीच मोठी अडचण आहे. परवडत असेल तर थोडे तास उडवून आणि रेटिंग चालू करून मगच जा. परवडत नसेल तर लपवू नका: "रेटिंग अमुक महिन्यात संपलं, निवड झाली तर इतक्या दिवसांत चालू करून देतो" असं तारखेसकट सांगा.

आता आपल्या सीमाभागाचं खास दुखणं: नाव. कर्नाटकातून एसएसएलसी आणि पीयूसी केलेल्या कितीतरी मुलांच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव असतं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. महाराष्ट्र बोर्डाच्या कागदावर आडनाव सुरुवातीला. गोव्यात आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, भावाचं वेगळं आणि बहिणीचं वेगळं. आपल्याला माणूस एकच आहे हे माहीत असतं, कंपनीच्या पडताळणी करणाऱ्याला नसतं. लायसन्स, पासपोर्ट आणि शाळेचे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच करून घ्या. निवड झाल्यावर तालुका कचेरीत धावपळ करायची वेळ आणू नका.

एक पानी सीव्ही

पान एकच. वर नाव, फोन, शहर. लगेच खाली तासांचा तक्ता आणि शेवटच्या उड्डाणाची तारीख. मग लायसन्स, रेटिंग, मेडिकल, प्रत्येकाच्या मुदतीसह. मग शिक्षण. आधी दुसरी नोकरी केली असेल, अगदी वडिलांचं दुकान सांभाळलं असेल किंवा ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवलं असेल, तर ते जरूर लिहा. रिकामं वर्ष कसं घालवलं हे विचारतातच. "घरी बसलो होतो" यापेक्षा "सकाळी दुकान, दुपारी अभ्यास" हे उत्तर कितीतरी बरं.

कपडे साधे, इस्त्रीचे. खांद्यावर पट्टे लावलेला पांढरा युनिफॉर्म घालून जाऊ नका, ते पट्टे कंपनी देते तेव्हा लावायचे.

आई-बाबा सोबत आले तर आनंदच आहे. पण स्टॉलवर बोलायचं मुलाने किंवा मुलीने. बाबांनी पुढं होऊन "आमच्या हिचे मार्क बघा की हो" म्हटलं की समोरचा हसतो आणि मनात एक खूण करतो. ज्याला उद्या १८० प्रवाशांची जबाबदारी घ्यायची आहे, त्याला आपल्याबद्दल दोन मिनिटं स्वतः बोलता आलं पाहिजे. मुलींच्या पालकांना एक सांगणं: भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त. कंपन्यांना याची सवय झालेली आहे, तुम्ही निवांत राहा.

दोन मिनिटांत काय बोलायचं

"लहानपणापासून विमानाची आवड होती" हे वाक्य स्टॉलवरच्या माणसाने त्या दिवशी शंभरदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी आपण केलेलं एखादं काम सांगा.

समजा तुम्ही सांबऱ्याला शिकलात आणि एकट्याने हुबळीकडे निघालात. वाटेत ढग खाली आले. तुम्ही परत फिरलात. मग असं सांगा: "निघताना हवामान ठीक होतं. अर्ध्या वाटेत ढगांची उंची कमी होत गेली. पुढे जायचं की नाही यासाठी मी आधीच एक मर्यादा ठरवली होती. ती आली तेव्हा टॉवरला कळवून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी तीच फेरी पूर्ण केली." बास. यात कुठलाही पराक्रम नाही, म्हणूनच ते ऐकण्यासारखं आहे. कंपनीला परत फिरता येणारा वैमानिक हवा असतो.

आपल्या विमानतळाबद्दल विचारतील असं धरूनच चला. बेळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी तिथं हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते. का, ते समजावून सांगता आलं पाहिजे. दाबोळीचा तळ नौदलाचा आहे, त्याचा नागरी उड्डाणांवर काय परिणाम होतो? इंदूर, वडोदरा, हैदराबादवाल्यांनी आपापल्या धावपट्टीचा, उंचीचा, पावसाळ्याचा असाच अभ्यास करावा. जिथं रोज उडलो तिथलंच सांगता आलं नाही तर मग पुस्तकातलं किती खरं मानणार?

ताज्या घडामोडीही माहीत हव्यात. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत आले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर जास्त मर्यादा आली. त्या डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली ती याच नियमांना पुरेशी तयारी नसल्याने. यावर मत विचारलं तर कंपनीला शिव्या घालू नका, नियमालाही नाही. थकलेला माणूस चुका करतो म्हणून नियम आहे, आणि तो पाळायला माणसं जास्त लागतात, एवढं नीट सांगितलं तरी पुरे.

इंग्रजीची धास्ती मराठी, कन्नड माध्यमातल्या मुलांना फार असते. उच्चार आपल्या गावचा असला तरी काही बिघडत नाही. रेडिओवर बोलतो तसं बोला: छोटं वाक्य, स्पष्ट शब्द, आणि कळलं नाही तर "पुन्हा सांगाल का" म्हणायची तयारी. न समजता मान डोलावणं कॉकपिटमध्ये धोक्याचं आहे, स्टॉलवरही तेच.

तुम्हीही विचारा

शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतील. तेव्हा गप्प राहू नका. ही नोकरी म्हणजे कर्जाची परतफेड आहे, म्हणून हे प्रश्न रोखठोक विचारा:

- ही भरती कॅडेटसाठी आहे, सीपीएलधारकांसाठी की टाइप रेटिंग झालेल्यांसाठी?
- टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार? ए३२०, ७३७ की एटीआर?
- बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा?
- प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो का?
- निवड झाल्यापासून पहिली बॅच सुरू होईपर्यंत साधारण किती काळ लागतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. निवडीचं पत्र हातात आहे पण बॅच लागत नाही, आणि इकडे बँकेचा हप्ता सुरू झालाय, अशी अवस्था बऱ्याच घरांत आहे. पुढे नोकरी बदलायची झाली तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

आणि एक सावधगिरी. मेळाव्याच्या गेटबाहेर, कधी आतही, "माझी एचआरमध्ये ओळख आहे, अमुक लाखांत सीट" म्हणणारे भेटतात. मुलाखतीसाठी किंवा ऑफर लेटरसाठी कुणाच्या खात्यावर पैसे भरू नका. कुठलीही जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर दिसल्याशिवाय खरी मानू नका. एकदा बुडालेलं घर अशा माणसांमुळे दुसऱ्यांदा बुडतं.

घरी आल्यावर

ज्याच्याशी बोललात त्याचं नाव, हुद्दा आणि काय सांगितलं ते परतीच्या बसमध्येच वहीत लिहा. दोन दिवसांत ऑनलाइन अर्ज भरा, आणि त्यात तासांचे तेच आकडे टाका जे सीव्हीवर होते. कंपनीने ईमेल दिला असेल तर चार ओळींचं आभाराचं पत्र पाठवा. रोज फोन करून पिच्छा पुरवू नका.

नाही झालं तर? होतंही तसं, पहिल्या खेपेला बऱ्याच जणांचं. मेडिकल चालू ठेवा, अभ्यास चालू ठेवा, लॉगबुक स्वच्छ ठेवा. पुढच्या मेळाव्यात कदाचित तोच माणूस स्टॉलवर असेल. त्याने जुना कागद काढून बघितला आणि मागच्या वेळचा आकडा आजच्या आकड्याशी जुळला, तर तुमचं अर्धं काम तिथंच झालं.